थंडाव्यापासून गोरेपणापर्यंत

चैत्र सरला की मराठवाड्यात, विदर्भात आणि खानदेशात पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्याच सुमारास दुकानांच्या काचांमागे साबण, शाम्पू, अंगाला लावायची मलमे, घामाचा वास घालवणारे फवारे आणि 'उन्हापासून रक्षण करणारी' क्रीम यांची रांग लागते. आमच्या घरांतल्या मुली त्यातले काही आणतात, लावून पाहतात, एकमेकींना सांगतात. बुजुर्ग मंडळी हा सारा नव्या जमान्याचा थाट म्हणून नाक मुरडतात. परंतु उन्हाळ्यासाठी वेगळे स्नान, वेगळा लेप, वेगळे अत्तर ही गोष्ट नवी मुळीच नाही. नवा आहे तो तिच्यामागचा हेतू. पूर्वी उन्हाळ्याचा शृंगार अंग थंड राहावे म्हणून होता. आता तो अंग गोरे दिसावे म्हणून होऊ लागला आहे. हा बदल कसा घडला, हे या लेखात आम्ही तपासणार आहोत.

आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत लढाया आहेत, तह आहेत, सनदा आहेत. न्हाणीघर नाही. राजा कोणत्या किल्ल्यावर चालून गेला हे पाठ असते, पण भर वैशाखात त्याच्या घरातली माणसे अंगाला काय लावत होती हे कोणी विचारत नाही. साधने मात्र भरपूर आहेत.

हकीमांचा विचार

युनानी वैद्यकात प्रत्येक पदार्थाला आणि प्रत्येक माणसाला 'मिजाज' असतो. गरम, थंड, कोरडा आणि ओला या चार गुणांच्या मेळातून तो ठरतो. चंदन, गुलाब, कापूर, खस यांची तासीर थंड मानली, तर कस्तुरी, अंबर, ऊद यांची गरम. हिवाळ्यात हिना आणि शमामा, उन्हाळ्यात खस, मोगरा आणि मातीचे अत्तर, हा अत्तरवाल्यांचा रिवाज याच विचारातून आला आहे. आजही मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जाणकार दुकानदार कुपी हाती देण्याआधी ऋतूचा हिशोब करतो.

हकीमांनी शृंगाराला हलके मानले नाही. नवव्या शतकात अल-किंदी याने सुगंधी द्रव्ये आणि अर्क काढण्याच्या कृती यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कॉर्डोव्याचा शल्यविशारद अबुल कासिम अल-जहरावी याने 'अत्-तसरीफ' या आपल्या तीस भागांच्या ग्रंथातला एक भाग सौंदर्यप्रसाधनांना दिला. इब्न सीनाच्या 'अल-कानून'मध्ये चौथ्या पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण 'जीनत', म्हणजे त्वचा, केस आणि नखे यांची निगा, या विषयाचे आहे. ज्या ग्रंथावर पूर्वेतले आणि पश्चिमेतले वैद्यक कित्येक शतके चालले, त्यात चेहऱ्यावरच्या डागाचा आणि केसांच्या गळतीचा विचार आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. शरीराची निगा हा छचोरपणा नव्हता. तहारत, म्हणजे पाकी, हा ज्या दीनचा पाया आहे, ज्यात जुम्म्याच्या गुस्लची ताकीद आहे आणि ज्याच्या रसूलुल्लाहना (स.) सुगंध प्रिय होता, त्या परंपरेत तसे होणेही कठीण होते.

खुशबूखान्यातला अर्गजा

अबुल फजलचा 'आईन-ए-अकबरी' आम्ही जमीनमहसुलासाठी वाचतो. त्यात एक प्रकरण खुशबूखान्याचे आहे. बादशाही कारखान्यांतला हा एक स्वतंत्र विभाग होता. कोणते मिश्रण कशासाठी आणि त्यात काय किती घालायचे, याची यादी अबुल फजल शेर-तोळ्यांसह देतो. 'संतूक' त्वचा टवटवीत राखण्यासाठी. 'उपटणा' म्हणजे आपले उटणे. 'गसूल' म्हणजे अंग धुण्याचा सुगंधी पातळ साबण. त्यात चंदन, कस्तुरी, कापूर आणि गुलाबपाणी. त्याच यादीत 'रूहअफजा' हे नावही आहे, पण तेथे ते एका सुगंधाचे आहे. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दिल्लीचे हकीम हाफिज अब्दुल मजीद यांनी याच नावाचे सरबत काढले आणि ते रमजानच्या दस्तरखानावर कायमचे येऊन बसले.

आमच्या विषयाचा खरा मानकरी 'अर्गजा'. तो मुख्यतः उन्हाळ्यात, अंग थंड राहावे म्हणून लावतात, असे अबुल फजल स्पष्टच नोंदवतो. कृतीत पाऊण शेर चंदन, थोडा चुवा म्हणजे अगरूचा अर्क, काही सुगंधी मुळे आणि बिया, अर्धा तोळा कापूर आणि तब्बल ११ बाटल्या गुलाबपाणी. प्रमाण पाहिले की मर्म कळते. सगळा भर चंदनावर आणि पाण्यावर आहे. ओला लेप अंगावर हळूहळू सुकतो, सुकताना त्वचेतली उष्णता ओढून घेतो आणि कापूर त्या गारव्याची जाणीव वाढवतो. आजच्या भाषेत हे बाष्पीभवन. बादशाही खुशबूखान्यातल्या कारागिराला तो शब्द ठाऊक नसेल. क्रिया पक्की ठाऊक होती.

तीच क्रिया खोलीलाही लावली जाई. वाळ्याच्या मुळांचे पडदे उभारून त्यांवर पाणी शिंपडायचे, की झाला खसखाना. ऐन उन्हाळ्यात हिवाळा भोगण्याची ही युक्ती अबुल फजल कौतुकाने सांगतो. विदर्भात आणि मराठवाड्यात आजही खिडकीत जो कूलर बसतो त्याचे तत्त्व हेच. पिण्याचे पाणी गार करायला सोरा वापरत. ज्या सोऱ्याने बंदुकीची दारू भडकते त्याच सोऱ्याने पाणी थंड व्हावे, याची अबुल फजलला मोठी गंमत वाटली आहे. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात टाकायचा आणि त्यात शेरभर पाण्याची तोंड बांधलेली सुरई पाव तास फिरवत राहायची, अशी कृती त्याने दिली आहे.

अकबराच्याही आधी माळव्याचा सुलतान गियासुद्दीन शाह याच्या मांडूच्या दरबारात 'नेमतनामा' लिहिला जाऊ लागला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला हा सचित्र ग्रंथ त्याचा मुलगा नासिर शाह याच्या काळात पुरा झाला. तो पाकक्रियेचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण समोशाच्या आणि सरबताच्या शेजारीच त्यात सुगंधी लेपांच्या आणि अर्कांच्या कृती आहेत. जिभेचे सुख, नाकाचे सुख आणि कातडीचे सुख यांत त्या काळाने भिंती घातल्या नव्हत्या.

एका आईचा शोध

या इतिहासात बायका कोठे आहेत? एक ठसठशीत उत्तर जहांगीरच्या आत्मचरित्रात सापडते. नूरजहानची आई अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करीत असताना गरम गुलाबपाणी भांड्यांत ओतल्यावर वर तवंग धरतो, हे तिच्या ध्यानात आले. तिने तो थोडा थोडा करून जमवला. त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तरी सारी मैफल दरवळते, असे जहांगीर लिहितो. त्याने तिला मोत्यांची माळ दिली. तेथे हजर असलेल्या सलीमा सुलतान बेगमने या अत्तराला 'इत्र-ए-जहांगीरी' असे नाव दिले.

शोध बाईचा, बारसेही बाईनेच केले आणि नाव लागले बादशहाचे! तरीही येथे निदान नोंद तरी झाली. अबुल फजलच्या यादीतली मिश्रणे कोणत्या हातांनी कुटली, चंदन कोणी उगाळले, गुलाब कोणी निवडले, याची नोंद नाही. घराघरांत उटणे वाटणाऱ्या, नवरीला हळद लावणाऱ्या, मेंदीचा पाला दगडी पाट्यावर बारीक करणाऱ्या बायांची तर नाहीच नाही. हे ज्ञान आजीकडून नातीकडे तोंडी आले. म्हणून ते टिकले आणि म्हणूनच ते ज्ञान आहे हे कोणी मानले नाही.

दख्खनचे पाणी

दख्खनकडे वळलो की चित्र आपल्या अंगणात येते. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी 'इत्र-ए-नौरस शाही' हा सुगंधविद्येवरचा फारसी ग्रंथ लिहिला गेला. अहमदनगरला (२०२४ पासून अहिल्यानगर) निजामशहांनी फराहबाग बांधला तो तळ्याच्या मधोमध. चारी बाजूंनी पाणी, उंच दालने, जाड भिंती. उन्हाळ्याला दिलेले हे दगड-चुन्यातले उत्तर होते. दौलताबादच्या किल्ल्यात हमामाचे अवशेष आहेत. जुन्या खानदेशाची राजधानी बुऱ्हाणपूर, जी आज मध्य प्रदेशात आहे, तेथील शाही किल्ल्यातल्या हमामाच्या छतावर रंगकाम अजून दिसते. त्याच गावाला अब्दुर रहीम खानखाना याच्या काळात, १६१५च्या सुमारास, कुंडी भंडाऱ्याचे भूमिगत पाणी मिळाले.

स्नानाचा इतिहास शेवटी पाण्याचा इतिहास असतो. अर्गजा बादशहाला मिळेल, पण सामान्य माणसाचा उन्हाळा घागरीवरच ठरतो. म्हणूनच या लेखात मलिक अंबर यायलाच हवा. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. या शहरासाठी त्याने डोंगरातले पाणी जमिनीखालून आणले. ती नहर-ए-अंबरी. तिच्यामागून शहरात आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचे पाणीही अशाच मातीच्या नळांतून आले. मशिदीच्या हौदात वजूला आणि घरच्या न्हाणीत गुस्लला जे पाणी पोहोचले, ते या काळ्या माणसाच्या बुद्धीने.

आणि याच मलिक अंबरला जहांगीर आपल्या आत्मचरित्रात पुन्हा पुन्हा 'काळतोंड्या' म्हणून हिणवतो. रणांगणात तो हाती लागला नाही, तेव्हा बादशहाने चित्र काढवून घेतले: भाल्यावर अंबरचे तोडलेले मस्तक आणि त्यावर बाण सोडणारा जहांगीर. प्रत्यक्षात मलिक अंबर १६२६ पर्यंत जगला आणि म्हातारपणी मेला. ज्या लेखणीने गुलाबाच्या अत्तराचे इतके नाजूक वर्णन केले, त्याच लेखणीने माणसाच्या कातडीच्या रंगाची शिवी दिली. रंगाचा तिरस्कार इंग्रजांनी आणला, असे म्हणून आम्हांला हात झटकता येणार नाहीत. तो आमच्या दरबारांत होता. तरीही एक फरक आहे. त्या काळी रंगावरून शिवी दिली जात होती, परंतु खुशबूखान्याची 'आईन'मधली यादी सुगंध आणि थंडावा सांगते. गोरेपण हा बाजारातला माल व्हायला आणखी तीनशे वर्षे लागली.

आम्ही करून पाहिले

हे सारे वाचल्यावर काही साधे जिन्नस आम्ही घरी करून पाहिले. सहाणेवर चंदन गुलाबपाण्यात उगाळून कपाळाला, मानेला आणि हातांना लावले. पंख्याखाली बसल्यावर पाच-सहा मिनिटे खरेच गार वाटते. लेप सुकला की गारवा संपतो. मग ११ बाटल्या गुलाबपाणी का लागत होते ते उमगते. कापूर मात्र आम्ही घातला नाही. बाजारात मिळणारा पूजेचा कापूर बहुधा कृत्रिम असतो, तो त्वचेसाठी नव्हे आणि लहान मुलांना तर घातकच. वाळ्याची जुडी माठात टाकून त्या पाण्याने शेवटचा तांब्या घेतला, त्याचा सुगंध दुपारपर्यंत राहिला. बेसन, हळद आणि दुधाचे उटणे कोरड्या त्वचेला बरे वाटले. मुलतानी मातीने तेलकट चेहरा हलका झाला, पण कोरडा चेहरा ताणला गेला. तळपायाला लावलेली मेंदी थंड वाटते, याचा अनुभव आमच्यापैकी प्रत्येकाच्या आईने घेतला आहे.

या प्रयोगात आणखी एक गोष्ट हाती लागली, ती शब्दांची. अत्तर, गुलाब, साबण, सुरमा, हमामखाना हे शब्द फारसी-अरबीतून येऊन मराठीत असे मुरले आहेत की ते बाहेरचे आहेत याची कोणाला शंकाही येत नाही. अर्गजा मराठी शब्दकोशांत आहे. पंढरीच्या वाटेवर वारकरी कपाळाला जो अबीर लावतो, त्याचे नावच अरबी आहे. बंधुत्वावर भाषणे पुष्कळ होतात. कपाळावरचा हा अबीर भाषण न करता तेच सांगतो.

शाम्पूचा पाटणकर मियाँ

१७५९ साली पाटण्यात जन्मलेला दीन मुहम्मद हा कंपनीच्या फौजेबरोबर वाढला, १७८४ मध्ये आयर्लंडला गेला आणि १७९४ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले हे पहिले पुस्तक मानले जाते. पुढे १८१४च्या सुमारास ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी त्याने वनस्पतींच्या वाफेचे स्नान आणि अंगमर्दन सुरू केले. फ्लॅनेलच्या तंबूत माणूस बसायचा आणि कापडाच्या फटींतून हात घालून त्याचे अंग चोळले जायचे. आपल्या 'चंपी'वरून त्याने या उपचाराला शाम्पूइंग म्हटले. इंग्लंडचे राजे चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम त्याचे ग्राहक होते. कालांतराने शब्दाचा अर्थ अंग चोळण्यावरून केस धुण्यावर सरकला आणि बाटलीत बंद होऊन तो आमच्याकडे परत आला. आज मुलगी दुकानात शाम्पू मागते तेव्हा ती आपलाच शब्द परदेशी उच्चारात विकत घेत असते.

१९१९ मध्ये ई. एस. पाटणवाला या मुस्लिम उद्योजकाने मुंबईत 'अफगाण स्नो' ही क्रीम बाजारात आणली. परदेशी मालाच्या त्या जमान्यात देशी क्रीम काढणे ही मोठीच हिंमत होती. पण नावाकडे पाहा. स्नो म्हणजे बर्फ. बर्फ थंड असतो आणि पांढराही असतो. थंडाव्याची जुनी इच्छा आणि शुभ्रतेची नवी इच्छा या एका शब्दात भेटल्या. पुढे पहिली मागे पडली आणि दुसरी उरली. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आली, तेव्हा नावातला बर्फही वितळला. राहिला तो केवळ गोरा रंग. जगभरच्या टीकेनंतर २०२० मध्ये या क्रीमच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. दुकानातले नाव बदलले. आमच्या स्थळे पाहण्याच्या बैठकीतला प्रश्न बदलला का?

हिशोब

जुने ते सारे शुद्ध, असे आम्हांला म्हणायचे नाही. सुरम्याचेच उदाहरण घ्या. हदीसमध्ये ज्या 'इस्मिद'चा उल्लेख येतो तो अँटिमनीचा खनिज मानला जातो. पण बाजारात सुरमा म्हणून विकले जाते त्यात पुष्कळदा शिशाचे खनिज असते. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते. अमेरिकेत अशा सुरम्याला प्रसाधन म्हणून परवानगीच नाही. तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत सुरमा घालण्याची रीत म्हणून आता सोडलीच पाहिजे. मेंदीचेही तसेच. हिरव्या पाल्याची मेंदी निर्धोक, पण झटपट रंगणाऱ्या 'काळ्या मेंदी'त केस रंगवण्याचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने हातावर फोड उठतात.

पण गोरेपणाच्या बाजाराने जे केले आहे ते याहून भयंकर आहे. त्वचा उजळ करणाऱ्या काही स्वस्त क्रीममध्ये पारा असतो. तो रंगद्रव्य तयार होऊ देत नाही आणि त्वचेतून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात, कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत एक विरळ प्रकार आढळला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरे करणारी क्रीम लावत होते. भारताच्या २०२०च्या प्रसाधन नियमांनी पाऱ्यावर कडक मर्यादा घातली आहे. तरी लेबल नसलेली, कंपनीचा पत्ता नसलेली डबी गल्लीबोळांत मिळतेच. डबीवर घटकांची यादी नसेल तर ती घेऊ नये, इतका साधा नियम घरोघर पाळला गेला तरी पुष्कळ जीव वाचतील.

धर्माच्या नावाने चालणाऱ्या व्यापारालाही प्रश्न विचारायला हवेत. वजूचे पाणी नखापर्यंत जाऊ देणारी नेलपॉलिश, 'हलाल' छापाचे फेसवॉश, मद्यार्काविना अत्तर, या गोष्टी सोयीच्या आहेत आणि त्यांत गैर काही नाही. पण गोरेपणाच्या क्रीमवर हलालचा शिक्का मारला म्हणून त्यामागचा विचार हलाल होतो काय? काळ्या माणसावर गोऱ्या माणसाला श्रेष्ठत्व नाही, ही शिकवण ज्या उम्मतला मिळाली आणि ज्या उम्मतचा पहिला मुअज्जिन हजरत बिलाल (र.) हबशी होता, त्या उम्मतच्या घरांत सावळ्या मुलीचे स्थळ परत जाते. ती मुलगी पदवीधर असते, कमावती असते, कुराण खतम केलेली असते. मग तिची आई गुपचूप एक डबी आणून देते. लेकीच्या काळजीनेच देते. आणि त्या डबीत काय आहे हे तिला ठाऊक नसते.

हजमध्ये एहरामची बंदिशी आठवावी. तेथे सुगंध नाही, सुवासिक साबणही नाही. २०२४चा हज जूनमध्ये आला. पारा पन्नास अंशांच्या पुढे गेला आणि १३०० हून अधिक माणसे दगावली. तशा उन्हात शरीर मागते ते पाणी, सावली आणि विसावा. रंग कोणता, हे ऊन विचारत नाही.

आपल्या पूर्वजांनी चांगले काय केले ते घ्यावे, वाईट काय केले ते टाकावे, एवढेच इतिहासाकडून मागता येते. अर्गजाचा थंडावा घ्यावा, जहांगीरची शिवी टाकावी. अस्मत बेगमची नजर घ्यावी, मलिक अंबरची नहर घ्यावी. मुलींनी उन्हाळ्यात हौसेने उटणे लावावे, अत्तर लावावे, नव्या दुकानातली नवी बाटलीही लावून पाहावी. शृंगार हा त्यांचा हक्क आहे. लग्नाच्या बैठकीत मात्र मुलीचा रंग विचारला गेला, तर उत्तर देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांनी उठून पाहुण्यांना आधी गार पाणी द्यावे आणि ते पाणी या शहरात कोणी आणले, तेही सांगावे.